होकायंत्राची सुई उलटी दाखवतेय, दुरुस्त होते का नवीनच घ्यावं?

मोकळी_वाट

नमस्कार मंडळी. माझ्याकडे साधं बेसप्लेटवालं होकायंत्र आहे, खाली पारदर्शक पट्टी, वर फिरणारी डायल, आत तेलात सुई, नेहमीचं असतं तसलंच. मागच्या ट्रेकला ते सॅकच्या वरच्या कप्प्यात होतं आणि त्याच कप्प्यात फोनच्या पाठीला चिकटते ती मॅग्नेटवाली पॉवरबँक पण होती. परवा सकाळी सहज बाहेर काढून बघितलं तर सूर्य उगवला त्या बाजूला डायल पश्चिम म्हणतेय, म्हणजे लाल टोक चक्क दक्षिणेकडे. मोकळ्या मैदानात जाऊन बघितलं, खिशातलं सगळं बाजूला ठेवून बघितलं, तरी तेच. सुई फिरतेय पण जरा आळशासारखी, थांबायला वेळ घेते. त्यात आत एक बुडबुडा पण दिसतोय, 3 मिलिमीटरचा असेल.

पुढच्या महिन्यात अशा भागात जायचंय जिथं वाटा पुसट आहेत आणि धुकं कधीही उतरतं, त्यामुळं हे आत्ताच मार्गी लावायचंय. सुई परत सरळ करता येते का? बुडबुड्यामुळं रीडिंग चुकतं का? आणि लाल टोक दक्षिण दाखवतंय एवढं माहीत असेल तर पांढरं टोक उत्तर धरून चालवून घेतलं तर काय बिघडतं?

कातळपाय

मोकळी_वाट, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो कारण धोका तिथं आहे. सुई पूर्ण उलटी झाली असेल तर तत्त्वतः पांढरं टोक उत्तर धरून चालता येतं, पण तुम्ही म्हणताय सुई आळशी झालीय, म्हणजे नुसती उलटली नाहीये तर तिची ताकद पण उतरलीय. अशी अर्धवट चुंबकत्व गेलेली सुई एकदा इथं थांबते एकदा तिथं थांबते आणि आपल्याला वाटतं ती स्थिर झाली. पूर्ण उलटी सुई निदान दरवेळी सारखी चुकते, ही कधी किती चुकेल ते सांगता येत नाही. आणि धुक्यात, दमलेलं असताना, लाल म्हणजे उत्तर ही वर्षानुवर्षांची सवय ऐनवेळी मोडून पांढरं बघायचं हे डोक्यात राहत नाही. नाही चालवून घ्यायचं.

कारण तुम्हीच लिहिलंय, ती पॉवरबँक. होकायंत्राची सुई म्हणजे एक छोटंसं लोहचुंबकच, तिला तिच्यापेक्षा कितीतरी जोरदार चुंबकाशेजारी ठेवलं की तो तिचे ध्रुव बदलून टाकू शकतो. आजकाल असे चुंबक सगळीकडे आहेत, फोनच्या फ्लिप कव्हरमध्ये, इअरफोनच्या डबीत, स्पीकरमध्ये, सॅकच्या छातीच्या पट्ट्यावर पाण्याची नळी अडकवायची क्लिप असते त्यात. शेवटचं तर फारच वाईट कारण होकायंत्र आपण गळ्यात घालतो आणि ते लोंबतं नेमकं तिथंच.

आता घरी एक टेस्ट करा. होकायंत्र टेबलावर सपाट ठेवा, टेबल लाकडी, आसपास लोखंड नको. रीडिंग बघून ठेवा. मग एखादा खिळा किंवा पाना जवळ नेऊन सुई थोडी हलवा आणि तो लांब न्या. सुई परत त्याच आकड्यावर यायला हवी. डावीकडून हलवा, उजवीकडून हलवा, चार-पाच वेळा करा. दरवेळी एखाद-दुसऱ्या डिग्रीच्या आत परत आली तर सुई ज्या टेकूवर फिरते तो ठीक आहे. वेगवेगळ्या जागी थांबली तर एकतर चुंबकत्व कमी झालंय नाहीतर तो टेकू झिजलाय, आणि झिजला असेल तर त्याला इलाज नाही.

धुकंझाड

उलटी सुई घरी सरळ करता येते, मी करून बघितलंय, फक्त पद्धत नीट समजून घ्या नाहीतर आहे त्यापेक्षा बिघडेल.

एक जोरदार चुंबक लागतो. आधी त्याचं दक्षिण टोक ओळखायचं, त्यासाठी दुसऱ्या कुणाचं तरी चांगलं होकायंत्र घ्या आणि चुंबक लांबूनच, हातभर अंतरावरून, हळूहळू पुढं आणा, सुई जेमतेम हलायला लागली की थांबा, जास्त जवळ नेलं तर ते पण बिघडेल. चुंबकाच्या ज्या टोकाकडे चांगल्या सुईचं लाल टोक वळतं ते चुंबकाचं दक्षिण टोक. त्याच्यावर पेनानं खूण करा आणि चांगलं होकायंत्र दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवा.

आता बिघडलेलं होकायंत्र उभं किंवा तिरपं धरा म्हणजे सुई आतल्या आत टेकून अडकेल आणि गरगर फिरणार नाही. चुंबकाचं दक्षिण टोक काचेवर सुईच्या मध्याशी टेकवा, तिथून लाल टोकाकडे सरकवत न्या आणि टोकाच्या पुढं जाऊन सरळ वर उचला, मोठा वळसा घेऊन परत मध्यावर आणा. पुढं-मागं घासायचं नाही, एकाच दिशेनं. जिथं चुंबकाचं दक्षिण टोक शेवटी सुटतं तिथं सुईला उत्तर ध्रुव येतो, हे यामागचं कारण. सुई मध्येच सटकून फिरली तर थांबा, परत अडकवा, मगच पुढं. थोड्या वेळानं सपाट ठेवून बघा, आणि कातळपाय यांनी सांगितलेली खिळ्याची टेस्ट परत करा. सुई चटकन येऊन थांबायला लागली म्हणजे जमलं.

उत्तरमुखी

धुकंझाड दादा पद्धत बरोबर आहे, पण मी एक गोष्ट ठामपणे सांगते, अशी सरळ केलेली सुई धुक्याच्या रानात एकटी घेऊन जाऊ नका. सराव करायला, पोरांना शिकवायला जरूर वापरा. पण जिथं वाट चुकली तर रात्र बाहेर काढावी लागेल अशा ठिकाणी एक नवीन चांगलं होकायंत्र मुख्य म्हणून आणि हे दुरुस्त केलेलं दुसऱ्या कुणाच्या तरी सॅकमध्ये बॅकअप म्हणून, असं करा. दोन्ही एकाच कप्प्यात ठेवू नका, दोन सुया म्हणजे दोन चुंबकच, आणि एक हरवलं की दुसरं पण सोबतच हरवतं.

बुडबुड्याचं. आतलं तेल सुईचं डोलणं थांबवण्यासाठी असतं. थंडीत तेल आकसतं, उंचावर बाहेरचा हवेचा दाब कमी होतो, तेव्हा छोटा बुडबुडा येतो आणि खाली उबेत आल्यावर बऱ्याचदा आपोआप जातो. 3 मिलिमीटरचा असेल आणि सुईला अडवत नसेल तर रीडिंगला काही होत नाही. पाच-सहा मिलिमीटरच्या पुढं गेला की सुई त्याला टेकायला लागते, मग त्रास. महत्त्वाचं म्हणजे तो वाढतोय का ते बघा. आज पट्टीनं मोजून ठेवा, आठवड्यानं परत मोजा. वाढला तर कुठंतरी बारीक तडा आहे आणि तेल झिरपतंय, ते होकायंत्र संपलं समजा. बुडबुडा घालवायला गॅसजवळ धरणं, उकळत्या पाण्यात टाकणं असले सल्ले कुणी दिले तर ऐकू नका, तेल प्रसरण पावून सील फुटतं. उन्हात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेली होकायंत्रं अशीच फुटतात.

मोकळी_वाट

सगळ्यांचे खूप आभार. खिळ्याची टेस्ट केली, दरवेळी वेगळ्या जागी थांबतेय, कधी कधी सात-आठ डिग्रीचा फरक. धुकंझाड दादांची पद्धत रविवारी करून बघतो, आणि नवीन पण घेतोच.

नवीन घेताना अजून एक शंका. काही होकायंत्रांना डेक्लिनेशन सेट करायचा छोटा स्क्रू असतो. तो घ्यावा का? डेक्लिनेशन वाचलंय पण अजून मिळवायचं कुठं आणि वजा करायचं कुठं यात गोंधळ होतो. आणि एवढ्याशा कोनानं खरंच फरक पडतो का?

कातळपाय

किती पडतो ते कुठं चालताय त्यावर आहे, म्हणूनच याचं एक उत्तर नसतं. सुई जिकडं दाखवते ती चुंबकीय उत्तर, नकाशाची उभी रेघ दाखवते ती नकाशाची उत्तर, आणि या दोघींमधला कोन म्हणजे ढोबळमानानं डेक्लिनेशन. पृथ्वीवर काही ठिकाणी तो जवळजवळ शून्य आहे, काही ठिकाणी 15-20 डिग्री किंवा त्याहून जास्त. हिशोब असा ठेवा, 1 डिग्रीची चूक म्हणजे 1 किलोमीटर चालल्यावर साधारण 17 मीटर बाजूला. जिथं डेक्लिनेशन अर्धा डिग्री आहे तिथं विसरलात तरी चालतं कारण हातात धरून एवढं अचूक रीडिंग आपण घेतच नाही. पण 12 डिग्री असेल आणि 3 किलोमीटर चाललात तर 600 मीटरपेक्षा जास्त बाजूला जाता, म्हणजे खिंडीऐवजी कड्याच्या डोक्यावर.

मिळवायचं की वजा याच्यासाठी पाठांतर करू नका, चित्र काढा. डेक्लिनेशन 12 डिग्री पूर्व म्हणजे सुई खऱ्या उत्तरेच्या (भौगोलिक उत्तर ध्रुवाकडच्या दिशेच्या) 12 डिग्री उजवीकडे दाखवतेय. नकाशावरून घेतलेलं बेअरिंग, म्हणजे उत्तरेपासून उजवीकडे मोजलेला जायच्या दिशेचा कोन, 80 असेल तर सुई आधीच 12 पुढं गेलेली असल्यामुळं सुईपासून मोजल्यावर 68 च उरतात. म्हणून नकाशावरून जमिनीवर येताना पूर्व असेल तर वजा आणि पश्चिम असेल तर मिळवा, जमिनीवरून नकाशावर जाताना बरोबर उलट. स्क्रूवालं होकायंत्र घेतलंत तर हे एकदाच घरी सेट करायचं आणि विसरायचं. मी तेच घ्या म्हणेन, दमल्यावर माणसाची बेरीज-वजाबाकी चुकते. फक्त दुसऱ्या प्रदेशात गेलात की स्क्रू परत फिरवायचा, आणि ते होकायंत्र कुणाला उसनं दिलंत तर किती सेट आहे ते सांगूनच द्या.

जुन्या नकाशावर छापलेला आकडा तसाच घेऊ नका, तो दरवर्षी सरकतो. नकाशाच्या कडेला वर्ष आणि वार्षिक बदल छापलेला असतो तो बघा. चुंबकीय उत्तर ध्रुवच फिरतोय, या शतकाच्या सुरुवातीला वर्षाला 50 किलोमीटरच्या आसपास सरकत होता. म्हणून अमेरिकेची नोआ ही हवामान-समुद्र संस्था आणि ब्रिटिश जिऑलॉजिकल सर्व्हे मिळून वर्ल्ड मॅग्नेटिक मॉडेल, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचं गणिती मॉडेल, दर पाच वर्षांनी नवं काढतात, सध्याचं 2025 चं आहे, आणि नोआच्या साइटवर आपल्या जागेचे अक्षांश-रेखांश टाकले की आजचं डेक्लिनेशन मिळतं. निघायच्या आधी ते नकाशाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहून ठेवा.

जुनानकाशा

डेक्लिनेशनचा विषय निघालाच आहे तर राहवत नाही म्हणून लिहितो. एडमंड हॅली, ज्याच्या नावाचा धूमकेतू आहे तोच, 1698 ते 1700 या काळात पॅरामोर नावाच्या जहाजातून अटलांटिकवर हाच कोन मोजत फिरला आणि 1701 मध्ये सारख्या डेक्लिनेशनच्या जागा रेघांनी जोडलेला नकाशा छापला. पुढं समोच्च रेषांनी डोंगर दाखवतात ना, तशीच ही कल्पना, फक्त उंचीच्या जागी कोन. आणि 2019 च्या सप्टेंबरमध्ये लंडनच्या ग्रीनिचला होकायंत्र खऱ्या उत्तरेला बरोबर जुळलं, साडेतीनशे वर्षांहून जास्त काळानंतर. एवढी मोठी गोष्ट आपल्या तळहातावरच्या सुईत घडत असते याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

पायरीपायरी

मंडळी सुईची आणि कोनाची चर्चा छान झाली पण धुक्यात लोक चुकतात ते बहुतेक वेळा होकायंत्र धरायच्या पद्धतीमुळं, त्यावर कुणी लिहिलंच नाही म्हणून लिहितो.

नकाशावर होकायंत्राची लांब कड तुम्ही आहात तिथून जायचंय तिथपर्यंत ठेवा, पट्टीवरचा बाण जायच्या दिशेला. डायल फिरवून तिच्या आतल्या रेघा नकाशाच्या उभ्या रेघांना समांतर करा, डायलवरची उत्तर नकाशाच्या उत्तरेकडे. इथं दोन गोष्टी उलट्या होऊ शकतात, बाण आपल्याकडे तोंड करून राहतो किंवा डायलची उत्तर नकाशाच्या दक्षिणेला जुळते, दोन्हीत तुम्ही बरोबर 180 डिग्री उलटे निघता. म्हणून होकायंत्र उचलायच्या आधी स्वतःला अंदाज विचारा, मला साधारण ईशान्येला जायचंय तर आकडा 45 च्या आसपास यायला हवा, 225 आला तर काहीतरी उलटलंय. मग डेक्लिनेशन लावा, होकायंत्र छातीसमोर सपाट धरा, आणि हात न फिरवता अख्खं अंग फिरवा जोवर लाल टोक डायलमधल्या बाणाच्या आत बसत नाही. पट्टीवरचा बाण दाखवतो त्या दिशेला एखादा दगड, झाड, काहीतरी खूण पकडा, तिथपर्यंत सुईकडे न बघता चालत जा, तिथून पुढची खूण. सुईकडे बघत बघत चालणारा माणूस नकळत एका बाजूला ओढला जातो. खूणच दिसत नसेल एवढं धुकं असेल तर सोबत्याला दिसेल तेवढ्या अंतरावर पुढं पाठवा, हाका मारून डावीकडे-उजवीकडे करा, तो थांबला की तुम्ही त्याच्यापर्यंत जा. हळू होतं पण पोचता येतं.

मध्ये मध्ये मागं वळून बघा. निघालात ती जागा दिसत असेल तर तिचं बेअरिंग घ्या, ते पुढच्या बेअरिंगपेक्षा 180 नं वेगळं असलं पाहिजे. नसेल तर एकतर तुम्ही रेघेवरून सरकलात नाहीतर जवळपास काहीतरी सुईला ओढतंय.

आणि जिथं पोचायचंय ती जागा एखाद्या ओढ्यावर किंवा रस्त्यावर असेल तर मुद्दाम थोडं डावीकडे नेम धरून चाला. मग ओढा लागला की उजवीकडे वळायचं हे नक्की असतं. सरळ नेम धरलात आणि ओढ्यावर जागा दिसली नाही तर डावीकडे जावं का उजवीकडे हे कळायला काही मार्ग नसतो.

उत्तरमुखी

पायरीपायरी, फार कामाचं लिहिलंत. सुईला ओढणाऱ्या गोष्टींबद्दल थोडी भर घालते. अमेरिकन सैन्याच्या नकाशावाचनाच्या मॅन्युअलमध्ये अंतरं दिलीयत, हाय टेन्शन वायरपासून 55 मीटर, ट्रकपासून 18 मीटर, काटेरी तारेच्या कुंपणापासून 10 मीटर लांब जाऊन रीडिंग घ्या असं. आपण मात्र गाडीच्या बॉनेटवर नकाशा पसरून पहिलं बेअरिंग घेतो, तिथूनच चूक सुरू. फोन, घड्याळ, चाकू, हेडलॅम्प हे पण होकायंत्राच्या हाताजवळ नकोत, फोन एका हातात आणि होकायंत्र दुसऱ्या हातात घेऊन दोन्ही जुळवत उभे असतात ते तर अजिबात नको. आरशाचं होकायंत्र डोळ्याजवळ धरणार असाल तर चष्म्याची फ्रेम स्टीलची आहे का तेही बघा. ॲल्युमिनियम आणि पितळेचा त्रास नाही.

काही खडकच चुंबकीय असतात, मॅग्नेटाइट असलेले. स्कॉटलंडच्या स्काय बेटावरची कुलिन रांग यासाठी प्रसिद्ध आहे, तिथं धारेवर सुईचा भरवसा देता येत नाही. अशा जागी होकायंत्र खडकावर टेकवायचं नाही, हातात उंच धरायचं, दहा-वीस पावलं सरकून परत रीडिंग घ्यायचं, आणि दोन्हीत फरक आला तर त्या जागी डोंगराच्या आकारावर जास्त विश्वास ठेवायचा.

नवखा_ट्रेकर

फोनमध्ये कंपास आहे, जीपीएस आहे, मग एवढं कशाला? खरंच समजून घ्यायला विचारतोय.

कातळपाय

चांगला प्रश्न आहे. जीपीएस तुम्ही कुठं आहात ते फार छान सांगतं, जरूर वापरा. पण एका जागी उभं असताना तुमचं तोंड कुठं आहे ते जीपीएसला कळत नाही, त्यासाठी फोनमध्ये वेगळा चुंबकीय सेन्सर असतो आणि त्याला पण मॅग्नेटवालं कव्हर, गाडी, खडक सगळं तसंच चकवतं. तो मधूनमधून इंग्रजी आठच्या आकारात फिरवून कॅलिब्रेट करावा लागतो. थंडीत बॅटरी पटकन उतरते, ओल्या बोटांनी स्क्रीन ऐकत नाही. सुईला बॅटरी लागत नाही. दोन्ही घ्या आणि एकानं दुसऱ्याला तपासा, फक्त तपासताना दोन्ही एकमेकांपासून लांब.

मोकळी_वाट

रविवारी चुंबकाचा प्रयोग केला. दोन-तीनदा सुई सटकली पण शेवटी लाल टोक उत्तरेला आलं. खिळ्याच्या टेस्टमध्ये अजून तीनेक डिग्रीचा फरक येतोय, म्हणजे टेकू पण थोडा झिजलाय असं दिसतंय, त्यामुळं हे आता सरावापुरतंच. रात्री ध्रुवताऱ्याशी जुळवून बघितलं, साधारण जुळतंय. बुडबुडा आहे तेवढाच आहे.

स्क्रूवालं नवीन मागवलंय. सोबत एक जण येणार आहे तो पुढं दक्षिण गोलार्धात पण ट्रेकला जाणार आहे, त्यानं तेच मॉडेल घेतलं तर चालेल ना? आणि नवीन होकायंत्र पुसायचं कशानं?

धुकंझाड

सुई सरळ झाली ते वाचून बरं वाटलं. ध्रुवतारा खऱ्या उत्तरेपासून एका डिग्रीच्या आतच असतो, त्यामुळं तपासायला चांगला, तुमच्या जागेचं डेक्लिनेशन तेवढं लक्षात धरा.

मित्राला सांगा घेण्याआधी सुई कुठल्या झोनची, म्हणजे पृथ्वीच्या कुठल्या भागासाठी तोललेली आहे ते बघ. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र आडवं नसतं, उत्तरेकडे ते जमिनीत खाली शिरतं आणि दक्षिणेकडे वर येतं, त्यामुळं उत्तर गोलार्धासाठी तोललेली सुई खूप दक्षिणेला नेली की एका बाजूला कलते आणि डबीच्या तळाला किंवा काचेला घासते. दोन्हीकडे फिरणार असेल तर ग्लोबल निडल म्हणतात ते घ्यावं, महाग असतं पण सुई कललेली असली तरी मोकळी फिरते.

पुसायला कोमट पाणी आणि थोडा सौम्य साबण, बास. स्पिरिट, पेट्रोल, थिनर काही नको. समुद्राकाठी वापरलं तर घरी येऊन गोड्या पाण्यानं धुवा. आणि डासांचं मलम, ज्यात डीट नावाचं रसायन असतं ते, हाताला लावलं असेल तर होकायंत्र धरायच्या आधी हात धुवा, ते प्लास्टिक खातं, पट्टी धुरकट होते आणि डायलवरचे आकडे पुसट होतात. गळ्यातली दोरी लांब ठेवा म्हणजे नकाशावर ठेवताना काढावी लागणार नाही, आणि चालताना होकायंत्र शर्टाच्या खिशात, फोन पँटच्या. ती पॉवरबँक सॅकच्या तळाला टाका.